टोन जरा खाली घ्या, मॅडम

ओमानमधल्या बरका गावी एका मासळीच्या फॅक्टरीत मी क्वालिटीचं काम करते. ट्रकमधून मासे आले की ते घ्यायचे की परत पाठवायचे, घेतले तर युरोपला जायच्या लायकीचे आहेत की नाहीत, हे ठरवणारं आमचं खातं. या खात्याच्या प्रमुखाची खुर्ची माझ्या डोळ्यांदेखत चारदा रिकामी झाली, आणि पहिल्या तीन वेळा मला सांगण्यात आलं की तूर्तास तुम्ही ॲक्टिंग प्रमुख. म्हणजे काम सगळं करायचं, सह्या करायच्या, ऑडिटच्या दिवशी पहिली बोलणी आपण खायची आणि खुर्ची मात्र कोणी येईपर्यंत गरम ठेवायची. एवढं ॲक्टिंग करून एखादं बक्षीस तरी मिळायला हवं होतं, असं माझा नवरा म्हणतो. पहिल्या वेळी मी हसले होते. तिसऱ्या वेळी त्याच्या ताटात आमटी जरा जोरातच वाढली गेली.

मी वसईची, कोळ्यांतली, ख्रिस्ती. आमच्याकडे दर्यावर जायचं बाप्यांनी, आणि बोट धक्क्याला लागली की पुढचं सगळं बायांनी. भाव बाया ठरवणार, पैसा बायांच्या कमरेला, आणि बर्फवाल्याशी भांडणही त्याच करणार. माझी आई लिलावाला उभी राहिली की तिचा आवाज चर्चच्या पायऱ्यांपर्यंत ऐकू जायचा. त्यात राग नसायचा. वारा असतो, इंजिनं धडधडत असतात, चहूबाजूंनी बाया ओरडत असतात. तिथे गोड आवाजात बोललं तर पापलेट दुसरीच्या पाटीत जाऊन पडतं. मी कॉलेजात गेले, मायक्रोबायॉलॉजी शिकले, लग्न झालं, मस्कतला आले, पण आवाज आईचाच राहिला. आमचा लोडिंगचा धक्का तरी काय वेगळा आहे? चार ट्रक एकाच वेळी मागे लावलेले, कॉम्प्रेसर घोंघावताहेत, पोरांच्या कानांवरून हेअरनेट ओढलेलं. तिथे ‘थांबा’ म्हणायचं तर ओरडूनच म्हणावं लागतं.

आमचे जनरल मॅनेजर आपल्याकडचेच, हिंदी बोलणारे, कपडे नेहमी इस्त्रीचे. त्यांचं ऑफिस वरच्या मजल्यावर, काचेचं. खाली धक्क्यावर काय चाललंय ते त्यांना तिथून दिसतं, ऐकू येत नाही. तरीही माझ्या आवाजाची तक्रार नेहमी त्यांचीच.

“मॅडम, आप का काम तो फर्स्ट क्लास है,” ते म्हणायचे, “बस, टोन जरा नीचे रखिए.”

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, खरंच असेल. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मी आजूबाजूला बघायला लागले. आमचा प्रॉडक्शन मॅनेजर एकदा चिडून माशांचा आख्खा क्रेट भिंतीवर फेकून मोकळा झाला होता. मीटिंगमध्ये त्याच्याबद्दल जनरल मॅनेजर म्हणाले, ‘पॅशनेट आदमी है.’ ट्रान्सपोर्टवाला फोनवर आईबहिणीवरून बोलतो, तर तो ‘काम निकालना जानता है.’ मी एकदा म्हटलं की या बांगड्याचे कल्ले तपकिरी झालेत, हा माल मी घेणार नाही, तर मी झाले ॲग्रेसिव्ह. शब्द एकच होता, ‘नाही’. तो ज्या तोंडातून येतो त्या तोंडाप्रमाणे त्याचा भाव बदलतो, आणि हे कळायला मला मायक्रोबायॉलॉजीची गरज नव्हती.

गंमत अशी की तेच तोंड त्यांना फोटोला चालतं. युरोपातले खरेदीदार हल्ली माशांबरोबर आणखीही काय काय विचारतात. तुमच्याकडे बायका आहेत का, वरच्या जागांवर आहेत का, वेगवेगळ्या देशांच्या आहेत का. असा एक पाहणीचा दौरा ठरला की मला सकाळी सकाळी नवा पांढरा कोट मिळतो, फोटोग्राफर येतो, आणि मला सुरमईच्या टेबलापाशी उभं करून हसायला सांगतात. कंपनीच्या माहितीपत्रकावर मी आहे. सावळी, गुबगुबीत, हातात थर्मामीटर, खाली ‘आमच्या स्त्रिया नेतृत्व करतात’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. माझ्यासोबत फोटोत आमची असिस्टंट आहे, सूर नावाच्या बंदरगावची ओमानी मुलगी. तिचे वडील आणि भाऊ बोटीवर जातात, ती इथल्या कॉलेजातून शिकून आमच्याकडे लागली. तिला हिंदी येतं, तेही हिंदी मालिका बघून, त्यामुळे ती कधी कधी मला सासूशी बोलावं तसं बोलते. तो फोटो पाहून तिने मला विचारलं होतं, “मॅम, हम नेतृत्व कब किया?” मी म्हटलं, फोटो काढला त्या दिवशी, अकरा ते साडेअकरा.

तिसऱ्या वेळी खुर्ची रिकामी झाली तेव्हा मी रीतसर अर्ज केला. नवरा म्हणाला, तोंडी नको, लिहून दे. दिलं. वरून उत्तर आलं की या जागेसाठी ‘इंटरनॅशनल एक्स्पोजर’ हवं. मी कपाळाला हात लावला. मी वसईहून उठून बरकाला आले, ओमानची मासळी नेपाळी आणि बांगलादेशी पोरांकडून कापून घेते, ती युरोपला पाठवते, माझी तक्रार ऐकणारा हिंदी बोलतो आणि मालक अरबी. याहून इंटरनॅशनल व्हायचं म्हणजे आणखी कुठे जायचं? पण आला तो इंग्लंडातल्या कुठल्याशा बंदरावरून आलेला एक तरुण. त्याच्या गावापासून जगातलं दुसरं कुठलंही गाव म्हणजे इंटरनॅशनल, आणि माझ्या गावापासून नाही, असा तो हिशेब होता.

तो मुलगा वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. नम्र होता, वेळेवर यायचा, माझं नाव नीट म्हणायचा प्रयत्न करायचा. पहिले काही महिने मी त्याला फॅक्टरी शिकवली. कुठल्या चिल्ड रूमचं दार नीट लागत नाही, कुठला पुरवठादार गुरुवारी दुपारी मुद्दाम गर्दीच्या वेळी माल आणतो, कारण शुक्रवारच्या सुट्टीआधी सगळ्यांना घरी जायची घाई असते. तो सगळं ऐकायचा, थँक यू म्हणायचा. मग मीटिंगमध्ये मी एखादी गोष्ट सांगितली की कागद चाळले जायचे, आणि तीच गोष्ट त्याने सांगितली की पेनं निघायची. एकदा तर तो स्वतःच म्हणाला, हे तिने आत्ताच सांगितलं. सगळे माझ्याकडे बघून कौतुकाने हसले आणि पेनं त्याच्याच वाक्यावर चालू राहिली. मी कुणाकुणावर चिडायचं?

त्या वर्षीच्या मूल्यमापनात माझ्याबद्दल लिहिलं होतं की ज्ञान उत्तम, निष्ठा उत्तम, बोलण्याची पद्धत सुधारावी. आणि कंपनीने माझ्यासाठी खर्च करून एक ऑनलाइन कोर्स लावला होता. पुढच्या वेळी तुमचाच नंबर, मॅनेजर म्हणाले, फक्त हा कोर्स करून टाका. त्याच वेळी एक नवा नियमही आला. आमच्याकडे संशयास्पद मालाला लाल टॅग लावतात. तो लागला की प्रमुखाच्या सहीशिवाय मालाला कोणी हात लावू शकत नाही. इतकी वर्षं मी स्वतः टॅग लावायचे. आता ठरलं की आधी प्रमुखाशी सल्लामसलत करायची, मग टॅग.

कोर्सच्या बाई दुबईहून पडद्यावर यायच्या. फार गोड बाई. त्यांनी शिकवलं की वाक्याच्या सुरुवातीला ‘कदाचित’ ठेवा. ‘हे चूक आहे’ म्हणू नका, ‘मला असं वाटतंय की’ म्हणा. समोरच्याच्या कामात शिरू नका, लिहून पाठवा. हात हलवू नका. आवाज पोटातून काढा. आमच्या घराण्यात आवाज पोटातूनच निघतो, पण तो त्यांना अभिप्रेत असलेला नव्हता. मी घरी सराव करायला लागले. मस्कतमधल्या रुवीच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरात उभी राहून नवऱ्याला म्हणायचे, कदाचित आपण पाणी भरून ठेवण्याचा विचार करू शकतो का? तो पेपरातून डोकं वर काढायचा आणि परत खाली घालायचा. पाणी भरलं जायचं नाही. लेक अकरावीला होती, तिचं मराठी शाळेतल्या इंग्रजीखाली दबलेलं. ती एक दिवस माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, “मम्मी, तुला बरं नाहीये का? तू अशी का बोलते? इट्स सो क्रीपी.”

पण मी शिकले. खुर्ची हवी होती मला. ते लपवून काय करायचं? पगारासाठी हवी होती, पण त्याहून जास्त यासाठी की इतकी वर्षं जे मी करते त्याला त्याचं नाव मिळावं. त्यासाठी आवाज खाली घ्यायचा तर घेऊ, म्हटलं. ऑफिसात सगळ्यांनी माझ्यातला बदल ओळखला. मॅनेजर साहेब म्हणाले, “वाह मॅडम, क्या इम्प्रूव्हमेंट है!” धक्क्यावरची पोरं मात्र मी काही सांगितलं की जवळ येऊन कान पुढे करायची, आणि तोवर ट्रक निम्मा रिकामा झालेला असायचा.

मग तो कुप्याचा ट्रक आला. कुपा म्हणजे ट्यूना. हा मासा उन्हात किंवा गरम गाडीत राहिला की त्यात हिस्टामिन चढतं, आणि एकदा चढलं की बर्फात घाला, गोठवा, शिजवा, ते उतरत नाही. खाणाऱ्याच्या अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकायला लागतं. ट्रक सूरकडून आला होता, गुरुवारी दुपारी, ऐन उन्हाळ्यात. मी दार उघडायला लावलं. खोक्यांत बर्फापेक्षा पाणी जास्त होतं. गाडीच्या तापमानाच्या नोंदीत मधला बराच काळ कोराच होता. ड्रायव्हर म्हणाला, मशिनची बॅटरी गेली होती, गाडी थंडच होती, वल्ला. सूरच्या मुलीने एक मासा उचलून पोटाशी दाबला आणि माझ्याकडे पाहिलं. मीही तिच्याकडे पाहिलं. दोघींनाही जे कळायचं ते कळलं होतं.

पूर्वीची मी असते तर टॅग लावला असता, जिने चढून वर गेले असते आणि दार ढकलून सांगितलं असतं की हा माल जात नाही, खलास. पण आमचा गोरा प्रमुख वर व्हिडिओवर मीटिंगमध्ये होता, आणि कोर्सच्या बाईंनी सांगितलं होतं की मध्ये शिरू नका. मी इंग्रजीत लिहून पाठवलं. ते मी पुन्हा पुन्हा सुधारलं, अजून पाठ आहे मला. ‘या लॉटबद्दल कदाचित थोडी शंका घ्यायला जागा आहे असं मला वाटतंय. शक्य असल्यास आपण तो तूर्त बाजूला ठेवण्याचा विचार करू शकतो का? तुमचं मत ऐकायला आवडेल.’ शेवटी धन्यवाद.

त्याने प्रयोगशाळेतल्या नमुन्यांचे आकडे मागवले. नमुने स्वच्छ निघाले. कुप्याचं हेच तर दुखणं आहे. शेजारच्या दोन माशांत एक स्वच्छ असतो आणि एक नसतो, नमुन्यात कुठला येईल हे नशीब. हे त्याला पुस्तकातून माहीत होतंच. पण त्याच्यासमोर एका बाजूला आकडे होते, आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या खात्यातली सगळ्यात अनुभवी बाई म्हणत होती, कदाचित, थोडी, वाटतंय. त्याने उत्तर दिलं, शंका मांडल्याबद्दल आभार, आकडे ठीक आहेत, पुढे जाऊ या. मी ते उत्तर मुलीला दाखवलं. ती म्हणाली, “मॅम, आप जाके बोलो ना.” मी म्हटलं, मी बोलले आहे, लिहून दिलं आहे. माझेच शब्द माझ्याच कानाला फोल वाटले, पण मी वर गेले नाही. माझा नंबर लागायचा होता.

काही आठवड्यांनी युरोपातल्या बंदरात तो कुप्याचा कंटेनर अडवला गेला. तिकडच्या नमुन्यात नेमके दुसरे मासे आले होते. कोणाच्या पोटात काही गेलं नाही, तेवढं देवाने राखलं. माल परत, खरेदीदार नाराज, आणि अर्बाब, म्हणजे आमचे ओमानी मालक, जे एरवी ईदला तेवढे यायचे, ते स्वतः येऊन बसले. चौकशीला सगळ्यांना काचेच्या ऑफिसात बोलावलं. माझं ते लिहिलेलं पडद्यावर मोठ्या अक्षरांत लावलं होतं.

मॅनेजर माझ्याकडे वळले. “मॅडम, आप को पता था?”

“शक था. लिखा है.”

“लिखा है? ये लिखना है? ‘परहॅप्स’, ‘स्लाइट डाउट’? आप तो छोटी छोटी बात पे पूरी फॅक्टरी सर पे उठाती हैं! उस दिन क्यों नहीं चिल्लाया?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण नाही, तेच विचारत होते ते, हात पसरून, अगदी मनापासून. आयुष्यात एवढी अवाक् मी कधी झाले नव्हते, आणि त्यांनी ते बहुधा कबुलीसारखं घेतलं. गोरा मुलगा मात्र उठून म्हणाला की निर्णय माझा होता, जबाबदारी माझी. खरं बोलला, मला त्याबद्दल त्याचा आदर वाटला. पण खोलीत जे झालं ते बघायला हवं होतं. अर्बाबांनी मान डोलावली. मॅनेजर म्हणाले, याला म्हणतात लीडरशिप, अशी जबाबदारी घेणारे लोक हवेत. चूक त्याने केली आणि मोठाही तोच झाला; मी चूक ओळखली होती आणि माझ्या वाट्याला सल्ला आला. पुढच्या आठवड्यात मला दुसरा कोर्स लावला गेला. विषय होता ‘ठामपणे कसं बोलावं’. पडद्यावर बाई त्याच होत्या.

मी तो कोर्स केला नाही. लॉग-इन करायचे, कॅमेरा बंद ठेवायचे आणि कोळंबी सोलायचे. नवरा म्हणाला, अगं, सोड ना नोकरी, आता नवीन नियमात मालकाच्या परवानगीशिवाय दुसरीकडे जाता येतं. जाता येतं, पण जायचं कुठे? दुसऱ्या फॅक्टरीतही वरच्या मजल्यावर काचच आहे. शिवाय लेक बारावीला जाणार होती, मधेच शाळा बदलणं नको होतं, आणि माझा करार पुढच्या वर्षी संपणार होता. तो नव्याने करायचा की नाही, हे मॅनेजरांच्या सहीवर होतं. मी नोकरीत राहिले. आवाज मात्र परत वर आला. तो मी आणला नाही, त्याचा तोच आला.

वर्षभराने तो गोरा मुलगा दुबईला मोठ्या जागेवर गेला. जाताना म्हणाला, ही जागा तुमचीच आहे, मी तसं सांगून चाललोय. मला वाटलं, आता तरी. मॅनेजरांनी बोलावलं तेव्हा मी कोट बदलून गेले होते, इतकी मी वेडी. ते म्हणाले की या वेळी ओमानी व्यक्ती नेमायची आहे, आणि आपल्या सूरच्या मुलीला देतोय. तुम्ही तिला सांभाळून घ्याल, तुमच्यावर भरवसा आहे.

देश तिचा आहे, दर्या तिचा आहे, जागा तिला मिळाली तर मी कोण बोलणार? आणि मुलगी हुशार आहे, आणखी चार वर्षांनी उत्तम प्रमुख होईल, हे मीच सगळ्यांना सांगत आले होते. तरी मला राग आला. असा आला की कोणावर काढावा ते कळेना. मी फ्रीझरमध्ये जाऊन उभी राहिले, कारण तिथे सगळ्यांचं तोंड गुंडाळलेलं असतं आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी थंडीचं म्हणता येतं.

ती मला शोधत तिथेच आली. तिलाही नुकतंच सांगितलं होतं. ती खूश नव्हती, घाबरलेली होती.

“मॅम, मैं पूछा, मेरे को क्यों? मॅम को क्यों नहीं? तो वो बोला, तुम्हारा टोन बहुत अच्छा है.”

मला सगळं लख्ख कळलं. ओमानी आहे म्हणून नाही, हुशार आहे म्हणून तर नाहीच. हळू बोलते म्हणून. हिला वरून फोन करून टॅग काढायला लावता येईल, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो पोरीलाही कळला होता, म्हणून तर ती तिथे कुडकुडत उभी होती.

“मैं ना बोलूँ?” तिने विचारलं.

मनात आलं, हो म्हणावं. खरंच आलं. मग म्हटलं, “ले ले. तू नहीं लेगी तो वो और किसी को लाएगा.”

तिने घेतली. पहिले काही आठवडे बरे गेले. मग मासेमारीबंदीचा काळ संपला आणि सुरमई यायला लागली, धक्क्यावर रोज रांग. एका सकाळी एका ट्रकमधली सुरमई तिला पटली नाही. मी आतल्या हॉलमध्ये होते, मला तिने विचारलंसुद्धा नाही. लाल टॅग लावला. ट्रान्सपोर्टवाल्याने वर फोन केला, वरून मॅनेजरांचा फोन तिला आला, आणि मग ती बोलली. अरबीत बोलली. मला निम्मं कळलं, पण आवाज कॉम्प्रेसरच्या वर होता, पॅकिंग हॉलचं बंद दार ओलांडून तो माझ्यापर्यंत आला. सूरच्या बोटीवर बाप आणि भाऊ कसे बोलत असतील ते मला त्या दिवशी कळलं. कापणारी पोरं सुऱ्या थांबवून बघत राहिली. मी हसत होते, एकटीच, मास्कच्या आत.

दहा मिनिटांत मला वर बोलावणं आलं. मॅनेजर उभेच होते. काचेतून खाली बोट दाखवत म्हणाले, “देखिए. सुना आपने? मेरे से ऐसे बात किया. नई लडकी है, बिगड जाएगी. आप सीनियर हैं, आप की सुनती है. उस को बिठा के समझाइए. कैसे बोलना है, कहाँ बोलना है. वो कोर्स में आप को जो सिखाया था, वही.”

मी म्हटलं, “नहीं.”

“क्या नहीं?”

“नहीं समझाऊँगी.”

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. टेबलावरच्या फायली सारख्या केल्या. आवाज अगदी मऊ होता त्यांचा. “मॅडम, आप का रिन्यूअल इसी महीने है ना? मेरे पास ही आया है. बेटी का बारहवीं है आप की.”

हे त्यांना ठाऊक होतं, लेकीचं वर्षही ठाऊक होतं. घरचं भाडं, शाळा, नवऱ्याचा चेहरा, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. आणि त्याच वेळी काचेतून खाली ती दिसत होती, तिची पाठ माझ्याकडे, टॅगपाशी हाताची घडी घालून उभी.

“तो साइन कीजिए, या मत कीजिए,” मी म्हटलं. “उस लडकी को मैं चुप नहीं कराऊँगी.”

“आवाज नीचे, मॅडम.”

मी खाली घेतला नाही. जे म्हटलं होतं तेच पुन्हा एकदा म्हटलं, धक्क्यावर म्हणतात तसं. मग दार उघडं टाकून जिना उतरले. खाली ट्रान्सपोर्टवाला, ड्रायव्हर आणि प्रॉडक्शन मॅनेजर असे तिघे तिच्याभोवती जमले होते आणि ती एकटी होती. मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले.